रुसलेल्या मामांचा बँजो

माझ्या लग्नात माझे मामा रुसले नव्हते.

श्रीगोंद्यापासून सोनईपर्यंत आमच्या नात्यात कुणालाही विचारा, उलटंच सांगतील. फेट्याचा रंग आवडला नाही म्हणून रुसले, असं कुणी म्हणेल. कुणी म्हणेल, कोटाचं कापड हलकं निघालं. माझ्या एका आत्याच्या मते जिलेबी कडक होती. मांडवाच्या दारात मामांनी भेट घेतली नाही आणि मुलीचे मामा हातात हार धरून ताटकळले, एवढं मात्र सगळ्यांच्या सांगण्यात सारखं असतं. तेवढं खरंही आहे. बाकीचं खोटं आहे, आणि नात्यात कितीतरी वर्षं ते ठाऊक असणारे आम्ही दोघंच होतो, मामा आणि मी. मी मुळात कमी बोलतो. पण कमी बोलणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं.

मामा घोडेगावचे. त्यांची बँजो पार्टी होती. आमच्याकडचा बँजो म्हणजे लाकडी फळीवर ताणलेल्या तारा आणि त्यावर टाईपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. आवाज कर्ण्यातून निघाला की दोन शेतं पलीकडचा माणूस पाणी धरता धरता थांबतो. मामा टेम्पोत ॲम्प्लिफायरशेजारी मांडी घालून बसायचे आणि ताशा, ढोल, खुळखुळा घेतलेली पोरं पुढं चालायची. जयंतीच्या मिरवणुकीला, गणपतीला मामांना मागणी असे. लग्नाला मात्र लोक ब्रासबँड सांगायचे. लाल कोट, पितळी वाद्यं, त्यात रुबाब होता. फळीवर बटणं दाबणाऱ्याला कोण विचारतो?

माझं सोनईत कॅसेटचं दुकान होतं. विकायचो आणि भरूनही द्यायचो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावात केबल आली आणि गिऱ्हाइकांची भाषाच बदलली. तोवर ‘अमक्या सिनेमाची द्या’ म्हणायचे, आता म्हणायला लागले, ‘पॉपची द्या’. त्यातच एक पॉपगायक आला. कातडी जाकीट, मानेवर रुळणारे केस, मागं बर्फाचे डोंगर, आणि गळ्यात एक गोल, पांढरं, लांब दांड्याचं वाद्य. ते पोटाशी धरून तो असा काही उड्या मारायचा की आमच्याकडच्या म्हाताऱ्यासुद्धा टक लावून बघायच्या. एका रविवारच्या पुरवणीत त्याचा रंगीत फोटो छापून आला, खाली ओळ होती, बँजो वाजवताना अमुक अमुक.

मी तो अंक घेऊन घोडेगावला गेलो. मामांनी चष्मा पुसून फोटो बघितला.

“ह्यो बेंजो?”

“असं लिहिलंय.”

“आरं, हा तर डफाला दांडा लावलाय. बटनं कुठं हायेत?”

“बटणं नसतात म्हणे त्याला.”

“मंग वाजवतो कसा? डोंगराला इचारून?”

पण लोकांना बटणांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी बँजो हा शब्द ऐकला होता. टीव्हीवरच्या माणसाच्या गळ्यात असते ती वस्तू आपल्या घोडेगावात आहे, एवढंच त्यांना कळलं. एका सीझनमध्ये चित्र पालटलं. नगरच्या वाद्यांच्या दुकानात आमचा फळीचा बँजो मागवूनही मिळेना. मास्तरांची पोरं शिकायला यायला लागली. जयंतीच्या कमिटीतली पोरं येऊन म्हणाली, मामा, त्या पॉपच्या चालीवर आम्ही आमचे शब्द बसवलेत, तुम्ही फक्त सूर धरा. त्या वर्षीच्या मिरवणुकीत बायका घराच्या पायऱ्या उतरून नाचल्या. आणि लग्नवाले ब्रासबँड सोडून मामांच्या दारात आले.

“त्या पोराला बेंजो धरता बी येत नसंल,” मामा हसत म्हणायचे, “पर त्याच्यापायी आपला बेंजो लग्नाला लागला. त्याचं भलं हू दे.”

एकच अडचण होती. लग्नवाले टेम्पोत डोकावायचे आणि म्हणायचे, हे काय? टीव्हीतला गोल बेंजो कुठाय? एका नवरदेवाच्या भावानं तर फसवणूक झाली म्हणून आवाज चढवला.

त्यावर मामांनी तोड काढली. मामीची पीठ चाळायची मोठी चाळण घेतली, जाळी काढून पांढरं रेक्झिन ताणून बसवलं, सुताराकडून दांडा करून घेतला आणि सायकलच्या ब्रेकच्या तारा ओढल्या. लांबून हुबेहूब. जवळून मामीला ओळखू आली.

“माझी चाळन!” मामी ओरडली. “आता भाकरीत कोंडा खावा सगळ्यांनी!”

“तुझी चाळन टीव्हीवानी दिसतीया, बघ तरी!”

ती गळ्यात घालून पुढं नाचायला कोण? माझे केस त्या काळी मानेवर रुळायचे. दुकानात दिवसभर ती गाणी ऐकून त्या गायकाच्या सगळ्या लकबी मला पाठ होत्या. मामा म्हणाले, “भाचेबुवा, लोकांना गोल पायजेल, तू गोल दाव. सूर मी देतो.” टेम्पोला पडदा लावला. पडद्याआड मामा, पुढं मी.

खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मजेचे दिवस. एक सूर मला वाजवता येत नव्हता, पण बोटं अशी फिरवायचो की मामांच्या तानेबरोबर उठायची आणि तानेबरोबर थांबायची. मामा मुद्दाम मला पकडायला मध्येच लय तोडायचे आणि मी हवेत हात धरून उभा राहायचो. लोकांना वाटायचं, तीही अदाच आहे. घरी परतताना टेम्पोत आम्ही पोट दुखेस्तोवर हसायचो. टीव्हीतला तो तरी खरंच वाजवत होता का, असं मला आता वाटतं.

घोडेगावातल्याच एका लग्नात श्रीगोंद्याची एक मुलगी पाहुणी आली होती. तिचे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. तिनं मला बघितलं आणि घरी जाऊन मावशीला सांगितलं, करीन तर त्या बेंजोवाल्याशी. वडील आधी भडकले, मग चौकशी करून निवळले. मुलाचं दुकान आहे, वर कलावंत आहे. सुपारी फुटली.

मामांनी मला बाजूला घेतलं. “सांगून टाक त्यास्नी.”

“सांगतो, मामा. लग्न होऊ द्या.”

“लगीन झाल्यावर सांगनं म्हंजी जेवन झाल्यावर मीठ मागनं, लेका.”

मी हसण्यावारी नेलं.

लग्न श्रीगोंद्याला होतं. मामांची पार्टी होतीच, पण मामा वाजवणार नव्हते. नवरदेवाचा मामा म्हणजे मानाचा माणूस. पडद्याआड त्यांचा एक शिकाऊ पोरगा बसला होता, त्याला ठेक्यापुरतं येत होतं. मामांनी गुलाबी फेटा बांधला होता, आणि आरशात बघून मामीला म्हणाले होते, “मी बी पॉपवाला दिसतोय का न्हाई?” आमच्यात मांडवाच्या दारात भेटी होतात. वडील वडिलांना भेटतात, मामा मामांना. हार घालायचे, उराउरी भेटायचं, माणसं एकमेकांना उचलतातसुद्धा. बहिणीच्या एकुलत्या एक मुलाच्या लग्नात ही भेट व्हायची म्हणून मामा किती दिवसांपासून हरखून गेले होते, मला माहीत होतं.

मी घोड्यावरून उतरलो आणि बायकोच्या भावांनी नि मैत्रिणींनी दार अडवलं.

“नवरदेव, आधी वाजवा! मग मांडवात!”

“ताई आत ऐकायला बसलीय!”

“ते काय, बेंजो टेम्पोत दिसतोय, आणा रे!”

कुणीतरी चाळण आणून माझ्या गळ्यात घातली. मुंडावळ्यांतून मला समोरचं नीट दिसेना. शिकाऊ पोरानं पडद्यातून डोकं काढून माझ्याकडे बघितलं. त्यानं ‘जमणार नाही’ अशी मान हलवली. मी मामांकडे बघितलं. ते फेटा सावरून भेटीसाठी रांगेत उभे होते. समोर मुलीचे मामा हार घेऊन. माझ्या मामांनी माझी नजर ओळखली. भेट सोडून ते गर्दीतून वाट काढत टेम्पोकडे गेले.

आणि त्या दिवशी मामांनी जे वाजवलं! पॉपच्या गाण्यानं सुरू केलं. पोरांनी टाळ्या धरल्या, तर त्या टाळ्यांवर मामा कुठल्या कुठं निघून गेले, मला हात फिरवायला सुचेना. वऱ्हाडातली म्हातारी माणसं नाचली, घोडेवाला नाचला. ‘आणखी एक’ म्हणून ओरडा झाला. तिकडं माईकवर पुकारा चालला होता, “मुलाचे मामा जिथं असतील तिथून भेटीला या.” एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मुलीच्या मामांचा चेहरा लाल झाला. शेवटी हार माझ्या चुलत्यांच्या गळ्यात पडला.

मामा आले तेव्हा भेटी उरकल्या होत्या. फेटा घामानं भिजला होता.

“कुठं होता हो तुम्ही?” मुलीच्या मामांनी सगळ्यांसमोर विचारलं.

मामांनी माझ्या गळ्यातल्या चाळणीकडे बघितलं आणि म्हणाले, “रुसलो हुतो.”

दुसरं काहीही सांगितलं असतं तर लोकांनी उलटे प्रश्न विचारले असते. मामा रुसणं लगेच पटलं. मी एका हाताच्या अंतरावर उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. मी मान खाली घातली. नवरदेव लाजला, असं फोटोत दिसतं.

पुढं ते वाक्य जड होत गेलं. बायको म्हणायची, घरात एकदा तरी वाजवून दाखवा. मी बोट दुखतं म्हणालो. मग म्हणालो, सोडला बँजो. संसारासाठी यांनी कला सोडली, असं ती माहेरी कौतुकानं सांगायची आणि मी चहात बघत बसायचो. मामा घरी आले की ती पाया पडायची, पण ताटात वाढताना हात आखडता घ्यायची. तिच्या मामांनी तर माझे मामा येणार असतील त्या कार्याला येणंच बंद केलं. कॅसेटी गेल्या, तो पॉपगायक कुठं गेला कुणास ठाऊक, मिरवणुकीत डीजे आले, मामांनी टेम्पो विकला. रुसवा तेवढा राहिला.

गेल्या वर्षी आमच्या मुलाचं लग्न ठरलं. मेहुणा, म्हणजे मुलाचा मामा, याद्या बोलायला आला होता. बायको त्याला चहा देताना सहज म्हणाली, “तू तरी ह्यांच्या मामांसारखा ऐन वेळेला रुसू नको रे बाबा.”

“ते रुसले नव्हते,” मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मग मी सगळं सांगितलं. चाळणीसकट.

मग बायकोनं विचारलं, “म्हणजे तुम्हाला वाजवताच येत नाही?”

“नाही.”

“थोडंसं पण?”

“सा कुठं असतो ते पण माहीत नाही.”

मेहुण्याच्या नाकातून चहा आला. तो खुर्चीवरून खाली बसला आणि हसत हसत म्हणाला, “ताई, तू चाळणीवर भाळलीस गं!” तीही हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम थांबली. “आणि मी इतकी वर्षं त्या माणसाला अर्धी वाटी श्रीखंड वाढलं,” ती म्हणाली आणि फोन उचलला. घोडेगावला लावला. स्पीकर सुरू केला.

“मामा, मला सगळं कळलं. तुमच्यावर उगाच रुसव्याचा डाग लागला. मी आत्ता एकेकाला फोन करून सांगते.”

“रुसव्याचं र्‍हाऊ दे, सूनबाई,” मामांचा आवाज थरथरत होता, पण खणखणीत. “मामा रुसतोच. त्याचं मला कधी काय वाटलं न्हाई. पर एक इचारू?”

“विचारा ना.”

“तवा मी त्या पोरांच्या टाळ्यांवर मधी एक चाल बांधली हुती. जागेवर. ती काय पॉपची नव्हती, पिच्चरची नव्हती. माजी हुती. आन् समदी म्हनली, नवरदेवानं काय वाजवलं! तेवढं मातर लागलं बघ. कुनाच्या ध्यानात हाय का ती?”

इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टीची लाज वाहत होतो. मला ती चाल आठवेना. मी ती वाजवत असल्याचं सोंग करत होतो, ऐकत कुठं होतो?

बायकोनं फोन तोंडाशी धरला. मांडवाच्या मागच्या खोलीत, हातात वरमाला घेऊन बसलेली असताना तिनं जे ऐकलं होतं, ते ती हळूच गुणगुणायला लागली. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना ती जे काहीतरी गुणगुणते, तेच. मला ते कुठल्या तरी गाण्याचं वाटायचं.

तिकडून मामा ओरडले, “थांब, थांब! तिथं वर जायाचं नव्हतं, तिथं खाली येतो सूर. असं.” आणि त्यांनी म्हणून दाखवलं. तिनं पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा दुरुस्त केलं. मेहुणा टेबलावर ठेका धरून बसला, आणि मी उठून चुलीवरचं दूध बघायला गेलो, कारण त्या दोघांना आता माझी गरज नव्हती.