लछूमलशेठच्या टाकीतले दगड

ये गं शोभा, जवळ सरक. कागदावरूनच का होईना, कान धरायचाय तुझा. दर रविवारी टाकीतले सगळे दगड काढून धुतेस आणि नव्याने मांडतेस म्हणे. आणि वर मलाच विचारतेस, मावशी, मासे एकमेकांना का चावतात? इतकी वर्षं मी लोकांच्या टाक्या सांभाळल्या, दगड हलवायच्या आधी विचारायचं होतंस. आता ऐक.

पन्नास सालानंतरची गोष्ट, दशक संपत आलं होतं. उल्हासनगरला तेव्हा सगळे कॅम्पच म्हणायचे. लष्कराच्या जुन्या बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहत होते आणि पुढच्या अंगाला त्यांची दुकानं. मी अंबरनाथला एका कारखान्याच्या साहेबांकडे कामाला होते. त्यांच्या टाक्या सांभाळता सांभाळता शिकले. पुस्तक नाही, मास्तर नाही. मासा मेला की कळायचं काय चुकलं ते. साहेब बदलीवर गेले, तेव्हा मी घरोघरच्या टाक्या बघायचं काम धरलं. लछूमलशेठ हे माझं कॅम्पातलं पहिलं गिऱ्हाईक.

शेठचं कापडाचं दुकान. भाऊ आफ्रिकेत व्यापाराला. तिथल्या एका मोठ्या तळ्यातले चार मासे त्याने बोटीने पाठवले होते. बोटाएवढे, पिवळे, अंगावर काळे आडवे पट्टे. ही जात तळाच्या खडकांत राहते. प्रत्येकाची आपली एक कपार, आणि दुसरा जवळ आला की भांडण. ह्यांना सिक्लिड म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आम्ही आपले दगडातले मासे म्हणायचो.

मी गेले तेव्हा त्यांतली धाकटी मासोळी वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी काठाशी लटकली होती. शेपटी कुरतडलेली. बाहेर येऊ बघितलं की मोठा नर धावून यायचा.

शेठ म्हणाले, "बाई, आठ दिन में भाई आ रहा है. चार भेजे थे, चार दिखाने हैं."

मला वाटलं, आठ कसले, ही दोन दिवसांत जाते. आणि ही गेली की कॅम्पातल्या बाकीच्या दुकानदारांच्या दारात मला कोण उभं करणार?

आधी पाणी बघितलं. ह्यांना जड पाणी लागतं. जड म्हणजे ज्यात डाळ लवकर शिजत नाही ते. शेठच्या विहिरीवर सगळी बायामाणसं डाळीवरून कुरकुरत होती, म्हणजे पाणी उत्तम. ऊब ठीक, वर बल्ब होता. खाणं म्हणून डासांच्या अळ्या, त्याही ताज्या. मग मी एक चूक केली. मासोळीला बरणीत वेगळं ठेवलं, दोन दिवस खाऊ घातलं आणि परत सोडलं. मोठ्याने तिला परकी धरलं आणि पहिल्यापेक्षा जोराने मारलं.

शेठ म्हणाले, "ये इलाज है?"

"ही चूक होती, शेठ," मी म्हटलं. "उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेला येते. मला नुसतं बसून बघायचंय."

दुसऱ्या दिवशी बाकावर बसले. शेठनी फळ्या काढल्या, उदबत्ती लावली, झाडू मारला. मग बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात टाकीत घातले. सगळे दगड बाहेर. फडक्याने पुसले आणि त्यांचा डोंगर रचला; काल म्हणे कमान केली होती.

"शेठ, हे रोज करता?"

"रोज. एक ही माल लटका रहेगा तो गिराईक बोलेगा बासी है. शोकेस है ना, बाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज सकाळी चौघंही बेघर. मोठा पहिल्यांदा जी कपार मिळेल ती धरणार, आणि ती टिकेल ह्याचा भरवसा नाही म्हणून सगळी टाकीच आपली म्हणणार. मी सांगितलं, दगड हलवायचे नाहीत. शेठ ऐकेनात. मासे माझे, दुकान माझं, तुम्ही शेपटीचं बघा.

मागे गाठोड्यांवर त्यांची आई वाटाणे सोलत बसली होती. सगळे तिला अमां म्हणत. तिने मान वर केली.

"लछू, पहिले साल हमने कितनी बैरक बदली?"

"तीन."

"और तीसरी में नल पर मैंने बाल्टी किसके सिर पर मारी थी?"

शेठ हळूच म्हणाले, "चाची के."

"सगी देवरानी," अमां मला म्हणाली. "बहुत अच्छी है. आज भी साथ में पापड़ बनाते हैं. पर तब घर नहीं था ना." आणि परत वाटाणे सोलायला लागली.

शेठनी हात पुसले. "बोलो बाई, कैसे रखूं?"

शेवटचे एकदा सगळे दगड बाहेर काढले, म्हणजे मोठ्याचंही घर मोडलं. मग दोन ढीग रचले, मध्ये चपटा दगड उभा केला, इकडच्याला तिकडचा दिसू नये म्हणून. चौघांना पुरून उरतील इतकी भोकं ठेवली. पहिला दिवस धावपळ. दुसऱ्या दिवशी मोठा डावीकडच्या ढिगात बसला. तिसऱ्या दिवशी धाकटी कोपऱ्यातून उतरली आणि उजवीकडच्या भोकात शिरली. शेठचा हात मात्र शिवशिवायचा. अमांने टाकीशेजारी स्टूल मांडलं आणि हातात पंखा घेऊन बसली. दोनदा त्यांच्या मनगटावर बसला म्हणतात.

भाऊ आला, त्याने चार मोजले आणि खूश झाला. धाकटीची शेपटी पुढे भरली, जरा तिरकी. महिन्याभराने मोठ्याच्या कपारीतून तांदळाच्या कणीएवढी पिल्लं डोकावली. शेठ कापड दाखवायचं सोडून गिऱ्हाइकाला टाकीपाशी ओढत नेऊ लागले. त्या वर्षी मला कॅम्पात आणखी सहा टाक्या मिळाल्या.

तेव्हापासून नव्या ठिकाणी गेले की पाणी बघायच्या आधी मी घरातल्या माणसांचे हात बघते. ओले असतील, तर निम्मं काम झालं.

तर बाई, ये एकदा माझ्याकडे बेलवलीला. लवकर ये, पंधरवड्याच्या आत. अकराच्या सुमाराला पोच, तेव्हा खिडकीतलं ऊन माझ्या टाकीत येतं आणि दगडातल्या माशांचे पट्टे छान दिसतात. जेवूनच जायचं. फक्त आदल्या दिवशी कळव, वाल भिजत घालावे लागतात.