दूरचा बोल्ट

"पयले दूरचा बोल्ट ढिला कराचा." पाना हातात घेतला की ते आधी तोंड फिरवत आणि मग हे वाक्य म्हणत. ऐकायला कोणी असो वा नसो.

तुमसरजवळच्या आमच्या उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये ते फिटर होते, मी वजनकाट्यावर. बॉयलरची वाफ नळांतून धानाच्या टाक्यांकडे जाते. दोन नळ जोडतात तिथे फ्लँज असतो, म्हणजे दोन जाड लोखंडी चकत्या, मध्ये गॅस्केट आणि भोवती बोल्ट. गॅस्केट बदलायचं तर व्हॉल्व्ह बंद करून फ्लँज उघडावा लागतो. आत वाफ उरली असेल, तर जो बोल्ट आधी ढिला होईल त्या बाजूने ती सुटते. म्हणून आधी दूरचा, आणि तोही त्या बाजूची माणसं उठवूनच.

असा भित्रा माणूस तुम्हीही पाहिला असेल. घरी बायकोनं कुकरला हात लावला की हे अंगणात. आम्ही चिडवायचो, तर म्हणत, "वाफ कोनाची सोयरी नसते, बाबू. आपला जीव पयले, मंग मालकाचा तांदूर."

त्या दुपारी टाक्यांजवळचा फ्लँज गळत होता. व्हॉल्व्ह बंद करून झाला होता. मी त्यांना चहाला बोलवायला गेलो होतो. फ्लँजच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत, धान वाळवणाऱ्या बाया डबे उघडून बसल्या होत्या.

"उठा वो बाया, फ्लँज खोलून राहिलो."

त्यांतली म्हातारी म्हणाली, "आत्ताच त टेकलो न भाऊ. सकारपासून उन्हात आहो. काहून उठवून राहिला? दोन घास खाऊ दे."

एरवी त्यांनी पाना आपटून सगळ्यांना हाकललं असतं. त्या दिवशी ते नुसते पुटपुटले. आणि त्यांनी आपल्याकडचा बोल्ट आधी ढिला केला.

व्हॉल्व्ह नीट बसलाच नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा वाफेत नाहीसा झाला, आणि मी चहाला चला म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मी हबकलो होतो. खरं सांगायचं तर अजून तसाच आहे. कुकरला भिणाऱ्या माणसानं हे केलं, हे मला अजूनही पटत नाही.

भंडाऱ्याला नेताना टेम्पोत मी त्यांच्या उशाशी होतो. ओठ हलले म्हणून वाकलो.

"बाया जेवल्या का?"

दवाखाना येण्याआधीच ते गेले.

आता नवा फिटर आहे. त्याला कोणाला उठवावं लागत नाही. त्यानं नुसता पाना उचलला, तरी बाया उघडे डबे घेऊन पार काट्यापर्यंत येऊन उभ्या राहतात. म्हातारी सगळ्यांत आधी उठते.