शेवटची अकरा मिनिटं

सुकलालच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी लूमवर होतो. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, काही ऐकू येत नाही, म्हणून जिन्यात आलो. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा जोडीदार गया, भाऊ." मी आत गेलो आणि लूम पुन्हा चालू केली. का केली, देव जाणे. दीड महिना झाला, अजून स्वतःचीच लाज वाटते.

सुकलाल आणि मी सुरतेत लिंबायतच्या एकाच खात्यात अठरा वर्षं शेजारशेजारी. त्या खडखडाटात तोंडानं बोलून उपयोग नसतो, आम्ही हातांनी बोलायचो. अंगठा ओठांकडे नेला की चहा. दोन चिमट्या जुळवून झटकन वेगळ्या केल्या की, तुझा धागा तुटलाय, लूम थांबव. सुट्टीला बघितलेला सिनेमा सुकलाल दुसऱ्या दिवशी याच खुणांनी अख्ख्या रांगेला सांगायचा. शेवट मात्र स्वतःचा, कारण खरा शेवट त्यानं बघितलेलाच नसायचा. नायक पुरता अडकला की हा थेटरात माझं मनगट धरून उठवायचा. "चाल भाऊ, आते हाऊ खोटं बोलाले लागी." हाऊ म्हणजे हा सिनेमा. मी जाम वैतागायचो. बाहेर लोचो खाताना तो आपला शेवट सांगायचा. त्यात कुणी वाचायचं नाही, पण पटायचं.

मग त्याची छाती बिघडली. गावाकडच्या भावाशी त्याचा कित्येक वर्षांचा अबोला. "तसं काही कळनं तर त्याले बलाई लिसू," म्हणायचा; म्हणजे आपण वाचत नाही हे कळलं, तर त्याला बोलावून घेईन. तोवर मात्र अडून बसलेला... हट्टी माणूस.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला आणि बोलणं बंद झालं. एका दुपारी मी मोबाइलवर त्याला सिनेमा लावून दिला. म्हातारा नावाडी, त्याचं आजारपण, मुलीशी तुटलेलं बोलणं. इतकं खरं की आम्ही दोघंही डोळे पुसत होतो. आणि एकदम तो नावाडी खाटेवरून ताडकन उठला, ठणठणीत बरा, आणि पुरात होडी घालून मुलीला वाचवायला निघाला. सुकलालनं पडद्यावर पंजा ठेवला. मी सिनेमा थांबवला.

मग त्यानं स्वतःच्या छातीकडे बोट केलं, दोन चिमट्या जुळवल्या, वेगळ्या केल्या आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघत राहिला. तो विचारत होता. सकाळीच डॉक्टरांनी मला आणि वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर दोन दिवस. अठरा वर्षं वाचलेली खूण मला कळली नाही असं मी दाखवलं. म्हणालो, "अरे, सोमवारी घरी जायचंय तुला. ठणठणीत होशील."

त्यानं माझं मनगट धरलं. थेटरात धरायचा तसंच. पण त्याला उठता येत नव्हतं...

भाऊ आला तो तिसऱ्या दिवशी, मयतीला. दारातच त्यानं मला विचारलं, "मनाबद्दल काही बोलना का?" माझ्याबद्दल काही बोलला का, असं. मी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत वळलो. ज्यानं आयुष्यभर खोट्या शेवटांकडे पाठ फिरवली, त्याच्या गळ्यात तसलाच शेवट मी बांधला. ते मला फेडता येत नाही, कुठं सांगताही येत नाही.

मोबाइलवर तो सिनेमा अजून तिथंच अडकलाय, अकरा मिनिटं बाकी. पुढं बघवत नाही, पुसवतही नाही. सुकलालच्या लूमवर आता दुसरा माणूस आहे. माझा धागा तुटला की तो चिमट्या करून दाखवतो. मी लगेच मान हलवतो... हो, तुटलाय. कळलं मला.