फोटोपुरत्या जर्सी

"जर्सी काढा आता. पुढच्या कार्यक्रमाला लागतील."

संस्थेच्या बाई हे हिंदीत म्हणाल्या तेव्हा आमच्या तोंडातला पेढाही संपला नव्हता. शाळेच्या गणवेशावरून चढवलेल्या जर्सी आम्ही मुलींनी तिथेच, पाहुण्यांसमोर, डोक्यावरून ओढून काढल्या. माझी कानाला अडकली. कुणीतरी हसलं. बाईंनी ती दोन बोटांत धरली, हुंगली आणि वेगळ्या पिशवीत टाकली.

बंगळुरात महादेवपुऱ्यातली ती मोकळी जागा. आम्ही तिथे कबड्डी खेळायचो. एका कंपनीच्या पैशांतून संस्थेने तिथे हिरवं टर्फ अंथरलं, जाळी ठोकली, फाटक बसवलं. फलक लावला: स्थानिक मुलांसाठी. उद्घाटनाच्या भाषणात एका साहेबांना आमच्यात उद्याचं ऑलिंपिक दिसलं. भाषण संपल्यावर खुर्च्या उचलायला त्याच ऑलिंपिकला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून फोनवर बुकिंग. तासावर भाडं. आणि फाटकावर वॉचमन म्हणून माझे वडील. निपाणीकडून पोटासाठी आलेले अण्णा.

मी खेळायला गेले. आत गाड्यांतून आलेली पोरं फुटबॉल खेळत होती. चेंडू जाळीबाहेर गेला. माझ्याहून लहान एक पोरगा ओरडला, "ए वॉचमन, बॉल." अण्णा धावले. चेंडू दिला. मग आतून कडी लावली.

"स्वल्प लांब उभी राहा, बाळ. साहेब बघतात."

मी लांब उभी राहिले. बरीच वर्षं.

आता मी बेळ्ळंदूरजवळच्या सरकारी शाळेत खेळ शिकवते. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेचे साहेब आले. शाळेला लागूनच्या जमिनीवर त्यांनी बॅडमिंटनचं कोर्ट बांधलंय. फीत कापायची आहे, मुली हव्यात. हेडबाईंनी चहा मागवला. साहेब मला म्हणाले, "थोड्या गरीब दिसणाऱ्या आणा. पण स्वच्छ." जर्सी तेच देणार होते.

माझा कान गरम झाला. तोच, अडकलेला.

मी विचारलं, "आठवड्यातून कुठल्या दिवशी मुलींना कोर्ट मिळेल?"

"ते नंतर ठरवू."

"मग फोटोही नंतर काढू."

चहा तसाच राहिला. साहेब गेल्यावर हेडबाई म्हणाल्या, अगं, ॲडजस्ट करायचं असतं, एवढ्याशा गोष्टीसाठी बदली ओढवून घेशील. घरी अण्णांना सांगितलं. ते खाली बघत राहिले. त्या कडीसाठी मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांना फाटकावर उभं करणाऱ्यांना तर नाहीच.

संस्थेने दुसऱ्या शाळेतल्या मुली नेल्या. फोटो छान आला म्हणे. कोर्टाला कुलूप आहे. माझ्या मुली त्याच्या फाटकासमोर, रस्त्यावर खडूने रेघा ओढून कबड्डी खेळतात. मीच ओढायला लावते, रोज, शाळा सुटल्यावर. गाड्या थांबतात, हॉर्न वाजतात. वॉचमन हाकलायला येतो. मी त्याला अण्णा म्हणते आणि हलत नाही.

बदली झाली तर नव्या शाळेसमोरही फाटक असेल. खडू माझ्याकडे आहे.