टांकसाळीची चूक की बाहेरचा मार?

माझं दुकान भांड्यांचं, गुलमंडीवर. मोडीत आलेल्या डब्यांच्या तळाशी कधीकधी जुनी नाणी निघतात, तसेच हे किस्से. मुद्दाम कुणी जमवले नाहीत, बसता-उठता साठत गेले!

रविवारी सकाळी शटर अर्धं ओढून आम्ही तिघं बसायचो. मी, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर जाधव सर आणि खुलताबादचे सत्तारभाई. सत्तारभाईंचा धंदाच जुन्या नाण्यांचा. कड बिघडलेलं नाणं आलं, की ते डाव्या अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायचे. टांकसाळीत बिघडलं असेल तर शौकिनांत भाव, बाहेर मार खाल्ला असेल तर भाजीवाल्याला द्या! ते नख त्यांनी कधी पूर्ण कापलं नाही. "भाभी ओरडत नाहीत?" विचारलं, तर म्हणाले, "उसीपे घर चलता, मियाँ!"

*

पिशोरचा एक पाहुणा कड चेपलेलं नाणं घेऊन आला. "मोबाईलवर बघितलंय, लई दुर्मिळ हाय!"

सत्तारभाईंनी नख फिरवलं. "गलती तो है. पर टांकसाळ की नक्को समजो, ट्रॅक्टर की है!"

पाहुण्यानं चहा संपवला. मग हळूच म्हणाला, "व्हय... ट्रॉलीच्या चाकाखालीच घावलं व्हतं."

*

गारखेड्याच्या एका ताईंच्या नाण्याची कड गोल, जाड, जणू आत वळवलेली. सत्तारभाईंनी सरळ विचारलं, "ताई, घरात वॉशिंग मशीन जुनी आहे?"

"हो. का?"

"खोलून बघा. ड्रममध्ये आपटून आपटून कड अशी वळते. याचे भाऊ असतील आत."

संध्याकाळी ताईंचा फोन. भाऊ तर निघालेच, वर त्यांच्या मिस्टरांचं हरवलेलं बटणही!

*

टांकसाळीची खरी चूक एकदाच हाती आली, तीही जाधव सरांच्या. रिक्षावाल्यानं सुट्ट्यांत, पाडतानाच कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा कापला गेलेलं नाणं दिलं, आणि लगेच परत मागितलं. "सर, खराब है, दुसरा देता."

सरांनी मूठच झाकली. "नको, नको! हेच असू दे!"

रिक्षावाल्यानं विचारलं, "सर, घरतक छोडूं क्या? तबियत ठीक है ना?"

*

आता शेवटचा. सरांचा मुलगा त्यांना कायमचा पुण्याला नेणार होता. सामान ट्रकमध्ये चढलेलं. निघायच्या आदल्या दिवशी, रविवारीच, सरांनी खिशातून निजामाच्या काळातला चांदीचा रुपया काढला. कडेवर एक खाच. आम्हाला ते लांबूनच दाखवायचे, सत्तारभाईंच्या हातात कधी देत नसत.

"वडिलांनी दिलेला," सर म्हणाले. "म्हणायचे, टांकसाळीची चूक आहे, जपून ठेव. भाई, आज खरं सांगा."

असे रुपये बायका कडी जोडून गळ्यात घालत. कडी उपटली की कडेला अशीच खाच पडते. मला ठाऊक होतं. सत्तारभाईंना तर ठाऊकच. आणि नाण्याबाबत सत्तारभाई सख्ख्या भावाशीही खोटं बोलले नव्हते.

त्यांनी चष्मा काढला. नख कडेवरून फिरवलं, खाचेपाशी थांबलं. पुन्हा फिरवलं. मी चहाचा ग्लास खाली ठेवला. सर त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

सत्तारभाईंनी रुपया पुसला, सरांच्या खिशात ठेवला आणि वरून खिसा थोपटला.

"सर, आज नाय सांगत. पुढच्या रविवारी या, मग सांगतो."