काकूंनी दुरुस्त केलेला च

“उघडून बघितलंस का?”

काही बिघडलं म्हणून सांगायला जा, काकूंचा पहिला प्रश्न हाच. मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर आमच्या बिल्डिंगची लिफ्ट. लिफ्टच्या मेकॅनिकलाही त्यांनी एकदा विचारलं होतं, “भैया, खोलके देखा क्या?” तो म्हणाला, “आंटी, आप घर जाओ.” काकू गेल्या नाहीत. तो पॅनल उघडेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हसतो आणि अडलं की त्याचीच बेल वाजवतो.

आम्ही भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या कडेला राहतो. काकू माझ्या वरच्या मजल्यावर. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. काकांची नजर गेली तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर एक फुकटचा प्रोग्रॅम घातला. तो मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. काका दिवसभर बातम्या, कथा ऐकत बसत. अडचण एकच होती. ‘चाक’ आणि ‘चूल’मधला च तो ‘चहा’तल्या चसारखा म्हणायचा. काका वैतागत. “बाहेरगावचा पाहुणा वाचतोय गं!”

काकूंनी मला गाठलं, कारण मी सॉफ्टवेअर कंपनीत.

“तुझं ते लिनक्स दे मला. पण ज्यात प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे त्याचं मूळ लिखाण, सहज मिळतं, असं.”

“सगळ्यांतच मिळतो, काकू.”

“तसं नको. माझ्याकडे जे चालतंय, नेमकं तेच मला उघडायचंय. त्याच्यासारखं दुसरं नको.”

त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखी, पण फुकटची सिस्टीम, आणि तिचे खूप प्रकार असतात. त्यातला एक मला ठाऊक होता. एक ओळ टाइप केली की मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, त्याच आवृत्तीचा कोड समोर येतो. पण तो बसवून, समजावून द्यायला माझी अख्खी दुपार गेली असती. पेनड्राइव्हवर दुसरा, दिसायला देखणा प्रकार तयार होता. तोच बसवला, चहा प्यायलो आणि खाली आलो. निवृत्त बाई आहेत, चार दिवसांत हौस फिटेल, असं वाटलं. खरंच असं वाटलं मला.

हौस फिटली नाही. काकूंनी वेबसाइटवरून कोड उतरवला, तो नव्या आवृत्तीचा निघाला आणि त्यांच्या मशीनवर चालेना. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “येतोस का जरा?” मी म्हणायचो, “या रविवारी नक्की.” रविवारी मी झोपायचो, नाहीतर मीरा रोडला मित्राकडे जाऊन बसायचो. काकूंनी कधी आवाज चढवला नाही. मग त्यांनी विचारणंच सोडलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

आठ महिन्यांनी त्यांनीच मला वर बोलावलं. स्वतः वाचून वाचून त्यांनी दुसरं लिनक्स निवडलं होतं. मला ठाऊक होतं तेच. ते बसवलं, ती एक ओळ टाइप केली, उच्चार ठरवणारी फाईल शोधली. मग वहीत लिहून ठेवलेले शब्द तिच्यात एकेक करून घातले. चाळ, चुलता, चांदणं, चोर.

“ऐक,” म्हणाल्या आणि बटण दाबलं.

“चोराने चाक चोरलं,” मशीन म्हणालं. अगदी नीट.

काका खुर्चीत खळखळून हसले. “आता कसं घरचं माणूस वाचतंय!”

त्यानंतर अठरा दिवसांनी काका गेले. दुपारी ऐकता ऐकता डोळा लागला, तो उघडलाच नाही.

भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, “अठरा दिवस छान ऐकलं त्यांनी. कादंबरी तेवढी अर्धी राहिली.” त्यांच्या बोलण्यात मला कुठे बोल लावलेला नव्हता. मी शोधत होतो, तरी सापडला नाही. असता तर बरं झालं असतं.

पावसाळ्याआधी त्यांनी घर विकलं आणि चिपळूणला बहिणीकडे जायचं ठरवलं. सामान भरताना हमालांनी कॉम्प्युटरचा खोका मागितला, पण काकूंनी दिला नाही. टेम्पोत पुढे बसून त्यांनी तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी खाली उतरलो होतो ते एक वाक्य सांगायला. तुम्हाला हवा तो प्रकार मला ठाऊक होता, काकू, मी मुद्दाम सोपा दिला. एवढंच.

“काय रे?” त्यांनी खिडकीतून विचारलं.

“काही नाही. जपून जा, काकू.”

“हो. तूही जपून राहा,” म्हणाल्या, आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली.