उतरल्यावर कोन हाय?

मार्चमधला रविवार, सकाळ. मुंबई विमानतळ, बाहेर पडण्याचं दार. हजर : मी, बाबूमामा आणि गाडीवाला सचिन. गैरहजर : वच्छलामावशी. कोणाला उतरवून घ्यायला मावशी आल्या नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुनावळ्यात आमची दारं समोरासमोर. मावशी मूळच्या परभणीकडच्या. नवरा लवकर गेला. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला उभं राहून त्यांनी मुलीला, रेश्माला, इंजिनिअर केलं. लग्नानंतर त्या पिंपरीत पहिल्यांदा उतरल्या, तेव्हा नवरा ओव्हरटाइमला अडकलेला. पत्र्याच्या पेटीवर बसून अख्खी सकाळ काढली. तेव्हापासून गावाकडून कोणीही येवो, मावशी पाण्याची बाटली घेऊन गाडीच्या आधी स्टॉपवर. गाडीला कितीही उशीर झाला तरी हलायच्या नाहीत. "आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं. इचारायचं मागून," म्हणायच्या.

रेश्माला टोरांटोला नोकरी लागली, तेव्हा मी मोबाईलवर बघून सांगितलं, "मावशी, साडेबारा हजार किलोमीटर. विमानात पंधरा-सोळा तास."

"तास नका सांगू, ताई. उतरल्यावर कोन हाय, ते सांगा."

"मैत्रीण येणार आहे न्यायला."

"मंग जवळच हाय की!"

म्हणाल्या खऱ्या, पण रेश्माचा "टेकले" असा निरोप येईपर्यंत त्यांनी ताटाला हात लावला नाही. पुढे प्रत्येक प्रवासाला हाच नेम.

त्या शुक्रवारी दुपारी कंपनीच्या बसमधून उतरून जिना चढताना मावशी कोसळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. रेश्मा फोनवर एवढंच म्हणाली, "थांबा. मी निघते."

शनिवारी सकाळी त्यांचे भाऊ बाबूमामा गावाहून पोचले. "पंधरा तासांचं इमान ना? मंग रात्रीपर्यंत येईल की."

मी हिशेब मांडला : विमानतळावरची तपासणी, मधला थांबा, सामान, नंतर द्रुतगती मार्ग, वर वाकडची कोंडी. "ती आत्ता कुठे विमानात बसतेय, मामा. घरी यायला उद्याची दुपार."

"लई झालं, ताई. माती अशी ठिवू न्हाई. आज उरकू."

"मामा, तुम्ही पहिल्यांदा पिंपरीत आलात, तेव्हा उतरवून घ्यायला कोण होतं?"

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वच्छीच व्हती. गाडी वाटंत बिघडली, तरी उभीच." टोपी परत चढवत म्हणाले, "ती बर्फाची पेटी कुठं मिळती, बघा."

रविवारी विमानतळाच्या त्या दारातून रेश्मा बाहेर आली. मी आधी बाटली पुढे केली. ती उभ्यानेच प्यायली.

"आई?"

"घरी आहेत. वाट बघतायत."

विधी आटोपून रेश्मा परत गेली. मावशींचा मोबाईल माझ्याकडे ठेवलाय, कागदपत्रांच्या कामांना लागतो. गॅसची जोडणी बंद केली. रेशनकार्डावरचं नाव कमी केलं. कंपनीला दाखला दिला.

परवा त्या मोबाईलवर रेश्माचा निरोप आला : "टेकले."

उत्तर द्यायचं राहिलंय.